सिंगल रूम

लातुरात मुलींच्या एका हॉस्टेलचे नकाशे पक्के होत होते. पाया खणायच्या आधीच चुका सापडाव्यात म्हणून मालक श्रीमंतरावांनी कन्स्ट्रक्शन मॅनेजर वकारभाईंना बोलावलं होतं. वकारभाईंनी जिना, खिडक्या, पाण्याची टाकी सगळं मान्य केलं आणि वरच्या मजल्यावरच्या एकूण एक सिंगल रूमवर लाल पेनानं काट मारली.

"इथं दोघी-दोघींच्या खोल्या करा."

"अहो, डॉक्टरकीच्या तयारीला येणाऱ्या पोरींचे आईबाप सिंगल रूमच मागायलेत," श्रीमंतराव चिडले. "पोरीचा अभ्यास निवांत होतो म्हणतात. बांधायला अवघड हाय का?"

"बांधायला काय, सोप्याच हायेत."

"मग?"

वकारभाईंनी पेनाला टोपण लावलं.

"आमची जिक्रा म्हणत होती, अब्बा, मी मैत्रिणीसंगं राहते. मीच हट्टानं तिला सिंगल रूम घेऊन दिली. तिचं दार तोडलं, तवा दोन दिवसांचे डबे बाहेर तसेच पडून होते, मालक. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाटलं, पोरगी अभ्यास करायलीय."