वैओलाचे पांढरे दात

वैओलाने स्ट्रॉ जिभेच्या पार मागे सरकवला आणि अख्खा कप एका दमात ओढला. बेटावरच्या त्या हॉटेलच्या कोठीत या वेळी कुणी फिरकत नसे, तरी तिची नजर दारावरच होती.

लगेच खळखळून चूळ. पुन्हा एक चूळ. मग ओल्या खोबऱ्याचा तुकडा, चावून चावून. ब्रश मात्र अर्ध्या तासाने. कॉफीनंतर लगेच घासलं तर दातांचं कवच झिजतं आणि डाग जास्तच धरतात. हे सगळं तिला ब्रिस्बेनहून आलेल्या एका दंतवैद्य बाईने शिकवलं होतं. बाईंना वाटलं, हिला नटण्याची हौस आहे.

हौस कसली! जिवाला घोर होता. वैओलाच्या ख्रिस्ती पंथात कॉफी पिणंच वर्ज्य. पर्यटकांना करून देता देता हिलाच चटक लागली, आणि आता सुटता सुटत नव्हती. पुढच्या शनिवारी लांगीचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न होतं. तेही रविवारच्या चर्चमध्ये नव्हे, पंथाच्या पवित्र मंदिरात. बिशपच्या परवान्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकू शकत नाही, मग ती नवरीची आई का असेना. मंदिराबाहेर हिरवळीवर बसलेली आई म्हणजे गावाला वर्षभराचं चघळायला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नणंद फेतू तारोचे कंद सोलत होती आणि लांगी लग्नात आहेर म्हणून द्यायच्या विणलेल्या चटयांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, तुमच्या घराला कॉफीचा वास येतो हं," फेतू म्हणाली.

"हॉटेलातले कपडे गं. चिकटतो वास."

"कपड्यांना तोंड नाही म्हणून बरंय! काल बिशपच्या बायकोलाही आला म्हणे."

वैओलाने नकळत ओठ मिटून घेतले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! लांगीने आईकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चटईत मान घातली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर बिशपनी तिला परवान्याच्या चौकशीसाठी आत बोलावलं. या पंथाचे बिशप म्हणजे बिनपगारी गावकरीच; मासोए आठवडाभर टायरचं दुकान चालवत. माणूस साधा, पण बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय वाईट.

"खाण्यापिण्याचे नियम पाळता ना, वैओलाताई?"

"पाळते."

ती हसली. दात दिसावेत म्हणून मुद्दामच. बिशप बघतच राहिले. वैओलाने दातांवरून जीभ फिरवली. कुठल्या तरी फटीत डाग राहिला असणार. संपलं सगळं.

बिशपनी पेन उचललं आणि परवान्यावर सही केली.

"माफ करा मला," ते म्हणाले. "गावात कुजबुज होती, आणि मी तुमच्यावरच संशय घेतला."

वैओलाने परवान्यासाठी हात पुढे केला.

"काल लांगी आली होती. खूप रडली. म्हणाली, 'घरात कॉफी मी पिते, आईला यातलं काही ठाऊक नाही. तुम्हीच तिला सांगा, माझा धीर होत नाही.' तिचा परवाना मला नाकारावा लागला; आता निदान वर्षभर तरी मंदिरातलं लग्न नाही तिच्या नशिबी." त्यांनी परवाना तिच्या हातात ठेवला. "तुम्ही मात्र खुशाल आत जाऊ शकता."