बहिणीसाठी मागायचं

बाबांनी दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यापूर्वी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. आता दारात दोन गाड्या आणि समोर दोन लेकी. एक गाडी जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन. बाबांच्या सुतारकामाच्या फळ्या वाहून वाहून मागून बसलेली. दुसरी त्यांनी काम सोडल्यावर हौसेनं घेतलेली, दोन वर्षांची, टप उघडणारी.

"नियम तोच," बाबा म्हणाले. "स्वतःसाठी मागायचं नाही. बहिणीसाठी मागायचं."

केकच्या शेवटच्या तुकड्यावरून दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, तेव्हापासूनचा हा नियम.

"वॅगन ताईला द्या," धाकटी पटकन म्हणाली. "दोन पोरं, दप्तरं, सायकली. तिला डिकी लागते. ती उघडी गाडी तिच्या काय कामाची? वाऱ्यानं पोरांची नाकं वाहतील."

थोरलीनं नव्या गाडीच्या किल्लीवरून नजर काढली. खरंच होतं सगळं. दहा वर्षं तिच्या खांद्याला काही ना काही लटकलेलंच होतं. तिला एकदा तरी अशी वस्तू हवी होती, जिच्यात सामान मावत नाही. पण हे पोरांच्या आईनं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मग नवी हिला," ती कशीबशी म्हणाली. "वॅगन वळवायलाच अर्धा रस्ता लागतो. पेट्रोल नुसतं ढोसते. हिला नवीच शोभेल."

धाकटीचा चेहरा एकदम उतरला. ती जुन्या खुर्च्या दुरुस्त करायची आणि प्रत्येक खुर्चीमागे टेम्पोवाल्याच्या विनवण्या करायची.

"तरी," थोरलीच्या तोंडून निसटलं, "नवीत मागे दोन पोरं बसतात बरं का. गुडघ्यांपुढे चार बोटं जागा उरते."

"तुला गं कसं माहीत?"

"अंदाज आपला."

"वॅगनमध्ये सीट पाडली की सहा खुर्च्या..." धाकटी थांबली. "म्हणजे, मावत असतील."

बाबांचं लक्षच नव्हतं जणू. त्यांनी किल्ल्या उचलून बोटांनी चाचपल्या. वॅगनच्या किल्लीला त्यांनीच कोरलेली लाकडी पट्टी होती, नवीच्या किल्लीला लाकडी चकती. चकती त्यांनी थोरलीच्या हातावर ठेवली, पट्टी धाकटीच्या.

"झालं. मागितलं तसं दिलं."

थोरलीनं मूठ मिटली. बाबांची गफलत झाली होती. सांगायला हवं होतं. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं किल्ली केव्हाच खिशात घातली होती आणि ती खिडकीबाहेर असं काही बघत होती, जसं काही तिथं विमान उतरतंय. म्हणजे हीसुद्धा! हसू दाबता दाबता थोरलीचे डोळे भरून आले. तिनंही किल्ली पर्समध्ये टाकली.

"आता नीट दिसत नाही मला," बाबा कपाटाचा खण चाचपत म्हणाले. "म्हणून सांगतो. गाड्यांची मापं घेऊन झाली असतील दोघींची, तर माझी मोजायची टेप जागेवर आणून ठेवा."