आधी कोण पोचतं

रूळ एकच. समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडणार त्या फक्त मधल्या स्टेशनात, कारण दुसरा रूळ तिथेच. त्यात साहेबांनी गाड्या दुप्पट केल्या आणि वर बजावलं, "महिनाभर बघतो. एकीपायी दुसरी खोळंबली, तर जास्तीच्या गाड्या बंद!" सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

पण गाडी काही खोळंबेना! कारण एकीकडची गाडी चालवायचा नवरा, दुसरीकडची बायको, आणि दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. विषय हाच, की नेहमी ताटकळत कोण बसतं. आता दोघंही अर्धा चहा टाकून वेळेवर गाडी सोडायची. मधल्या स्टेशनात खिडक्या समोरासमोर आल्या की ती म्हणायची, "आलात एकदाचे?" तो म्हणायचा, "तुझ्या आधी आलोय!" प्रवासी बेहद्द खूश.

स्टेशनमास्तरांना मात्र राहवेना. एक दिवस ते तिच्या खिडकीशी गेले. "वहिनी, मिटवा आता. मी बोलतो त्याच्याशी."

"खबरदार, भाऊजी!" ती कुजबुजली. "माझा राग केव्हाच गेलाय. पण ह्यांना कळलं तर परत निवांत चहा पीत बसतील, आणि गाड्या जातील बंद पडून."

मास्तर नवऱ्याकडे गेले. ते तोंड उघडणार, एवढ्यात तोच हळूच म्हणाला, "तिला काही बोलला नाहीत ना? मी रागावलेलो नाही हे तिला कळू देऊ नका. महिना संपायचाय अजून."

मास्तरांनी मुकाट्यानं दोन्हीकडे हिरवा बावटा दाखवला. दोन्ही गाड्या अगदी वेळेवर, तणतणत निघाल्या.