जीपची खडखड

अर्जुनरावांच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपला एकच खोड होती. गिअर टाकला की खालून खाडकन आवाज यायचा आणि चऱ्होलीच्या वेशीपासून अंगणापर्यंत ती खडखडतच यायची. घरात मात्र कमालीची शिस्त. ते उंबऱ्यात पाय ठेवायचे तेव्हा सुभद्राबाईंच्या डोक्यावर पदर, सुनेच्या हातात पाण्याचा तांब्या आणि टीव्ही बंद असायचा. "आमच्या घरात कुणाचा आवाज चढत न्हाई," असं ते चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगायचे.

शेवटी तळवड्याच्या ज्योतीराम मेकॅनिकने दोन्ही शाफ्टच्या सांध्यांतले झिजून वाजणारे क्रॉस काढून नवे बसवले. जीप मांजराच्या पावलांनी चालू लागली.

त्या संध्याकाळी ती अंगणात आली तरी कुणाला कळलं नाही. आत सुभद्राबाई नसलेल्या मिशीला पीळ देत, जाड आवाजात म्हणत होत्या, "आमच्या घरात कुणाचा आवाज चढत न्हाई!" सून हसून हसून लोळत होती. आणि सुभद्राबाईही हसल्या, खदखदून. इतक्या वर्षांच्या संसारात अर्जुनरावांनी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात सुभद्राबाईंची नजर दारात उभ्या अर्जुनरावांकडे गेली.

पदर. तांब्या. टीव्ही बंद.

सकाळीच अर्जुनराव तळवड्याला हजर.

"जुने क्रॉस हायत का रे?"

"भंगारात गेले, काका. का, नवे वाजायलेत का?"

"न्हाई ना. तीच तर भानगड हाय." ते जरा घुटमळले. "मंग एक मोठा हॉर्न बसव. माज्या आदी घरी पोचंल असा."