न दिसलेला बेडूक

दादा भांडून घर सोडून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. बेडकांच्या मोजणीवर संशोधन करणाऱ्या धाकटीने आता त्याच्या खोलीत आपलं टेबल मांडायचं ठरवलं. ती त्याची पुस्तकं खोक्यात भरत होती. आई पलंगावरच्या चादरीची घडी घालत होती.

"तो तुमचा डोंगरावरच्या डबक्यातला बेडूक सापडला का गं?" आईने सहज विचारलं.

बेडकाचा विषय निघाला की धाकटीची कळी खुलायची. "कुठला सापडतोय. नऊ फेऱ्या झाल्या, पठ्ठ्या दिसायचं नाव घेत नाही."

"म्हणजे तिथून नाहीसा झाला म्हणायचा."

"असं कसं म्हणता येईल? तो मुलखाचा बुजरा. पावलं वाजली की दडून बसतो. मला दिसला नाही म्हणून तो तिथे नाहीच, असं लिहिलं तर सर माझे वाभाडे काढतील. किती वेळा जाऊनही दिसला नाही तर खात्रीने 'नाही' म्हणायचं, याचं आधी गणित मांडावं लागतं. याच्यासाठी वीस फेऱ्या निघाल्यात. अजून अकरा मारायच्या, मग बोलायचं."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "आणि दादाची चौकशी करायला त्याच्या मित्राकडे कितीदा गेलीस?"

धाकटीने हातातलं पुस्तक हळूच खाली ठेवलं.

"एकदा."

आईने चादरीची घडी मोडली आणि ती पुन्हा पलंगावर अंथरायला घेतली. दुसरं टोक लेकीने न सांगता धरलं.