मागची जीप

सौंसरच्या बसस्टँडबाहेर सगळ्या जीपा बंद उभ्या होत्या आणि एकीतही बसायला कुणी तयार नव्हतं. भोपाळच्या एका संस्थेनं गावातला गाड्यांचा धूर कमी करायला सौरभला इथं पाठवलं होतं. महिनाभर चहा पाजून त्यानं जीपवाल्यांच्या संघटनेकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की गाडी भरेपर्यंत इंजिन बंद ठेवायचं. आज संस्थेच्या केतकी मॅडम पाहणीला येणार होत्या. त्यांनी प्रयोग जमला म्हटलं तर जीपांचा स्टँड इथंच राहणार होता. फसला म्हटलं तर तो गावाबाहेर नागपूर रोडवर जाणार होता, आणि तिथं सवारी शोधायला दुर्बीण लागली असती.

सौंसरला गाडी भरते कशी, हे सौरभला कुणी शिकवलं नव्हतं. ड्रायव्हर आधी इंजिन सुरू करतो. मग गाडी हातभर पुढे घेतो, हातभर मागे घेतो आणि ओरडतो, "बस, सुटूनच राहिली." लोक धावत येऊन बसतात. गाडी अर्ध्या तासानं निघते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळे रोज धावतात.

रामाकोन्याला निघालेल्या उर्मिलाबाईंना सौरभनं धूर, फुप्फुसं, नातवंडांचं भविष्य, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पन गाडी चालू नाही त मी बसू कायले?" आणि पिशवी उचलून सावलीत जाऊन उभ्या राहिल्या.

संघटनेचा अध्यक्ष गुणवंता मघापासून हे बघत होता. तो जवळ आला.

"सर, बंद गाडी दिसली का मानूस समजते, डायवर जेवाले गेला. मी माही गाडी मुतारीमांगं चालू करून ठेवतो. आवाज आला का बसतेत लोकं इकडच्या गाडीत."

"अहो, मग या सगळ्याचा उपयोग काय?"

"तुमाले स्टँड वाचवाचा आहे का हवा?"

सौरभनं थोडा वेळ हवेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शेवटी त्यानं मान हलवली. मुतारीमागे गुणवंताची म्हातारी जीप खोकत खोकत सुरू झाली. काळा धूर भिंतीवरून वर आला आणि इकडची बंद जीप बघता बघता भरली. उर्मिलाबाईंनी खिडकीजवळची जागा पटकावली.

केतकी मॅडम आल्या तेव्हा ती जीप नुकतीच निघत होती. मॅडमनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि त्यात सांगितलं, की सवय बदलायला कायदा नाही, मन लागतं. मागून घरघर कसली येते, असं त्यांनी विचारलं. सौरभ म्हणाला, जनरेटर आहे. मॅडम इतक्या खूश होत्या की रामाकोन्यापर्यंत आपण लोकांसारखंच जाऊ म्हणाल्या. स्वतःची गाडी त्यांनी पुढे पाठवून दिली आणि दुसऱ्या बंद जीपमध्ये जाऊन बसल्या. एकट्याच.

जरा वेळानं त्यांनी घड्याळ पाहिलं. मग ओढणीनं वारा घेतला. मग ड्रायव्हरला विचारलं, निघणार कधी?

"भरल्यावर," तो म्हणाला. खरं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचा आवाज जरा पडला.

मॅडम खाली उतरल्या आणि घरघरीच्या दिशेनं चालू लागल्या. "मॅडम, तिकडे घाण आहे," म्हणत सौरभ मागून पळत सुटला.

मुतारीच्या कोपऱ्यावरून मॅडम येताना दिसल्या आणि गुणवंताचा हात किल्लीकडे गेला. आता गाडी बंद करूनही काही उपयोग नव्हता. स्टँड गेला, असं त्यानं मनाशी धरून टाकलं. मॅडमनी धूर पाहिला. थरथरणारी जीप पाहिली. गुणवंताकडे पाहिलं. मग ओढणी नाकाला लावली, दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"ही निघतेय ना?" त्यांनी विचारलं.

गुणवंतानं गिअर टाकला. गाडी हातभर पुढे घेतली, हातभर मागे घेतली.

"बस मॅडम, सुटूनच राहिली."