उशिरा येणारी माणसं

"ही नावं काढून टाक," मॅडम पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. "वेळेवर आलेलेच ठेवू."

घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा त्यांचा अभ्यास. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाच्या मेंदूचं स्कॅन काढायचं, असं ठरलं होतं. ठरवायला काय जातं! कुणी आठ महिन्यांनी उगवलं, कुणी दीड वर्षानं. मॅडमचा आलेख मात्र पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी असा पट्टीनं आखलेला. त्यात ही माणसं बसतच नव्हती.

त्यांच्या विद्यार्थिनीला सगळी प्रयोगशाळा 'चिकट' म्हणायची. एकदा धरलं की सोडायची नाही. आज मॅडमपुढे तोंड उघडायचंच, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"मॅडम, फेरी सोडू, तारीख धरू. दोन स्कॅनमध्ये जेवढा काळ गेला, तेवढाच गणितात धरता येतो. मी करून पाहिलंय."

"आणि मधली ही एवढाली भगदाडं? लोक हसतील आपल्याला."

"ज्यांच्या घरचं दुखणं वाढलं, तीच उशिरा आली. त्यांनाच वगळलं तर सेवा करून मेंदूला काही होत नाही, असं छापून येईल. मग यांना मदतीला माणूस द्या, असं कोण म्हणणार?"

"गणित कळतं गं मला. पण शिस्त म्हणून काही असतं की नाही? मनात असतं तर आली असती." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळानं समितीची बैठक होती आणि हाच आलेख तिथं ठेवायचा होता.

तरी चिकटनं नावं काढली नाहीत.

तेवढ्यात त्या नावांपैकीच एक काकू दारात आल्या. मागचं स्कॅन होऊन वर्ष उलटलं होतं. चिकटनं फोन करकरून त्यांना बोलावलं होतं. सोबत चाकाच्या खुर्चीत काका. त्यांच्या स्वेटरची बटणं वरखाली लागली होती.

"यांच्याजवळ बसायला कुणी मिळेना," काकू धापा टाकत म्हणाल्या. "म्हटलं, आज काही झालं तरी जायचंच. घेऊनच आले. पण मी आत गेल्यावर यांच्याजवळ कोण?"

यंत्र चालवायला चिकटला बसायचं होतं. उरल्या मॅडम.

"थांबते मी. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

काकूंनी कानातलं आणि केसांतल्या पिना काढून टेबलावर ठेवल्या. "हे बाही धरतील. सोडवू नका हं. सोडवली की रडतात."

यंत्राची ठकठक सुरू झाली. एकामागून एक चित्रं पडद्यावर उमटली. काकू जराही हलल्या नव्हत्या. ठकठक थांबल्यावर चिकटनं माइकवरून हाक मारली. उत्तर आलं नाही. काचेतून नीट पाहिलं, तर काकूंचा श्वास संथ चालला होता.

ती बाहेर आली. मॅडम खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. काकांनी त्यांची बाही दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

"झालं, मॅडम. पण काकूंना आतच झोप लागलीय. उठवू का?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग बाहीकडे.

"नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समितीला कळव, मला यायला उशीर होईल."